खराट्याची शिक्षा: प्रस्तावना

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारातून कुणी बाराशे रुपयांची जीन्स उचलली, दुकानदाराने धरले, जीन्स परत मिळाली आणि उचलणाऱ्याची ही पहिलीच वेळ निघाली, तर १ जुलै २०२४ पासून मॅजिस्ट्रेटच्या हातात एकच शिक्षा उरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२)चे परंतुक तसे सांगते. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिल्यांदाच शाबीत झालेला, माल किंवा त्याची किंमत परत केलेली, एवढे जुळले की ना कैद, ना दंड. फक्त सामुदायिक सेवा. आता समजा, या जीन्सवाल्याला मॅजिस्ट्रेटने शेजारच्याच लक्ष्मीबाई नगरचे रस्ते झाडायला धाडले. किती तास झाडायचे? खराटा कुणी द्यायचा? हजेरी कुणी लावायची? काचेने हात कापला तर औषधपाण्याचा खर्च कुणाचा? तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही, तर कोर्टाला कुणी कळवायचे? संहिता यातल्या शेवटच्या प्रश्नाला जेमतेम स्पर्श करते, म्हणजे सेवा चुकवल्यास कैद होऊ शकते एवढे सांगते, आणि बाकीच्यांच्या वाटेला जात नाही. हे पुस्तक त्या न सांगितलेल्या भागाबद्दल आहे.

(अशी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे, तेव्हा असा खटला कोर्टापर्यंत पोचणेच अवघड, असे कुणी वकील म्हणेल. बरोबरच आहे. एका हाताने दिलेली सुधारणा दुसऱ्या हाताने कपाटात ठेवण्याची आपल्या कायदेमंडळांची सवय जुनी आहे.)

लक्ष्मीबाई नगरच का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू नये, पण पडला तर उत्तर नावात नाही. झाशीच्या राणीचे नाव मिरवणारी ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत येते. एका बाजूला आयएनए मार्केट, पलीकडे किदवई नगर, सरोजिनी नगर. इथे रस्ता एका खात्याचा, क्वार्टर दुसऱ्याचे, झाडणारा तिसऱ्याचा आणि त्यातही अनेकदा ठेकेदाराचा, अशी नेहमीची सरकारी गुंतागुंत आहे. कोर्टाचा हुकूम कागदावरून रस्त्यावर उतरवायचा म्हटला तर वाटेत किती दारे लागतात, ते मोजायला अशी वसाहत बरी. शिवाय मोठ्या शहराच्या मानाने ही स्वच्छ जागा. घाण जास्त असती तर चर्चा घाणीची झाली असती. इथे ती शिक्षेची होते.

आधी कायद्याचे क्षेत्र किती आहे ते पाहू, कारण वर्तमानपत्रांनी ते फार मोठे करून सांगितले. संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षांच्या यादीत सामुदायिक सेवा पहिल्यांदाच आली, पण ती देता येते ती मोजक्या सहा गुन्ह्यांत. सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणे, कोर्टाच्या उद्घोषणेनंतरही हजर न राहणे, सरकारी कामात अडथळा म्हणून आत्महत्येचा प्रयत्न करणे, वर सांगितलेली किरकोळ चोरी, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा आणि अब्रुनुकसानी. सेवा म्हणजे काय, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ च्या स्पष्टीकरणात एका वाक्यात येते: कोर्टाने दोषीला शिक्षा म्हणून करायला लावलेले, समाजाच्या उपयोगाचे, बिनपगारी काम. तासांची किमान मर्यादा नाही, कमाल नाही. या सहांमध्ये रस्त्यावर कचरा टाकणे नाही, ही गंमत लक्षात घ्यावी. कचरा टाकणाऱ्याला पावती फाडून सोडायचे आणि अब्रुनुकसानी करणाऱ्या संपादकाच्या हाती खराटा द्यायचा, असे उद्या घडू शकते. कचरा करणाऱ्यानेच तो उचलावा, हा सरळ न्याय आपल्याकडे झाला तो कोर्टाबाहेर: २०१८ च्या नोव्हेंबरात पुणे महापालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दीडशे रुपये दंड केला आणि थुंकी त्यांच्याच हातून पुसून घेतली. लोकांना ते आवडले. मला मात्र त्यात कोर्ट नसल्याची चुटपुट लागली. ज्याच्या अंगावर साहेबी कपडे आहेत त्याला पुसायला लावायचे धाडस किती मुकादम करतील, हा प्रश्न कायद्याचा नसला तरी खरा आहे.

ही कल्पना कुठून आली? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अलामेडा परगण्यात १९६६ च्या सुमारास वाहतुकीचे नियम मोडणाऱ्या, पण दंड भरायची ऐपत नसलेल्या बायकांना तुरुंगाऐवजी काम देण्यापासून तिची सुरुवात सांगतात. व्यवस्थित कायदा झाला तो इंग्लंडात. बॅरोनेस बार्बरा वूटन यांच्या समितीने १९७० मध्ये शिफारस केली, १९७२ च्या कायद्याने ती उचलली आणि १९७३ पासून सहा जिल्ह्यांत प्रयोग सुरू झाला. किमान चाळीस तास, कमाल दोनशे चाळीस. पुढे कमाल तीनशेवर गेली. वूटनबाईंच्या अहवालात एक मोकळी कबुली आहे की ही शिक्षा वेगवेगळ्या मतांच्या लोकांना वेगवेगळ्या कारणांनी आवडेल. कडक माणसाला ती मोकळ्या वेळेवरची जप्ती वाटेल, मवाळ माणसाला सुधारण्याची संधी, हिशेबी माणसाला स्वस्त उपाय. पुढे बाईंना स्वतःलाच त्या परिच्छेदाची थोडी लाज वाटली, कारण तो सगळ्यांना खूश करायला लिहिला होता. पण या विषयातले निम्मे गोंधळ त्याच परिच्छेदात जन्मले. सगळ्यांना आवडणाऱ्या शिक्षेत नेमके काय साधायचे, हे कुणालाच ठरवावे लागत नाही.

म्हणूनच देशोदेशी तिची रूपे इतकी वेगळी झाली. झिंबाब्वेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती उचलली ती तुरुंग रिकामे करायला. मॅजिस्ट्रेट किरकोळ गुन्हेगारांना शाळा-दवाखान्यांत कामाला लावत, आणि १९९७ च्या कादोमा जाहीरनाम्याने ती वाट आफ्रिकेतल्या इतर देशांनाही दाखवली. सिंगापूरने १९९२ मध्ये कचरा टाकणाऱ्यांसाठीच वेगळा हुकूम काढला: ठळक रंगाचे जाकीट घालायचे आणि लोकांदेखत झाडायचे. तिथे झाडण्याइतकेच दिसणे महत्त्वाचे. इंग्लंडनेही २००८ मध्ये कामकऱ्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांतली नारिंगी जाकिटे चढवली. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली पॉप गायक बॉय जॉर्जला रस्ते झाडायची शिक्षा झाली, तेव्हा छायाचित्रकारांचीच इतकी गर्दी झाली की झाडायला रस्ता उरेना. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या टोकियो नियमांनी सन्मान आणि संमती या दोन गोष्टींवर भर दिला होता. इंग्लंडने आरोपीची संमती घेण्याची अट १९९७ मध्ये काढून टाकली. आपल्या संहितेने ती कधी घातलीच नाही.

आपल्याकडचा इतिहास याहून जुना आणि तुटक आहे. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच परिविक्षेचा कायदा केला होता. केंद्राचा १९५८ चा. मुंबईच्या कायद्याच्याच सुमारास औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, जिच्यावरून व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. पण हे सगळे कैद्याला विश्वासाने वागवण्याचे प्रयोग होते. सेवा हीच शिक्षा, असा प्रस्ताव भारतीय दंडसंहितेच्या १९७८ च्या दुरुस्ती विधेयकात आला, राज्यसभेने तो मंजूरही केला आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक वाहून गेले. २००३ मध्ये न्यायमूर्ती मळीमठ समितीने तो पुन्हा काढला. दरम्यान मुलांच्या कायद्याने वाट काढली होती: २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम १८ सामुदायिक सेवा देते आणि त्या अधिनियमाच्या नियमांतल्या उदाहरणांत बाग साफ करणे आहे. पण ते नियम एक अट घालतात, ती मला सगळ्या कायद्यात सर्वांत शहाणी वाटते: काम अपमानकारक किंवा माणुसकीला कमीपणा आणणारे नसावे. मोठ्यांच्या संहितेत ही अट नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनेही सेवेला जागा दिली आहे.

कायदा नव्हता तेव्हा न्यायालये थांबून राहिली नाहीत. लक्ष्मीबाई नगरपासून फार लांब नसलेल्या लोदी रोडवर १० जानेवारी १९९९ च्या पहाटे एका बीएमडब्ल्यूने माणसे चिरडली. तो खटला सर्वोच्च न्यायालयात ३ ऑगस्ट २०१२ ला संपला, तेव्हा भोगलेल्या कैदेवर पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षांची सामुदायिक सेवा असा निकाल आला. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनयभंगाचा गुन्हा रद्द करताना ठाण्यातल्या चार तरुणांना सहा महिने दर रविवारी रस्ते झाडायला सांगितले. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हाणामारीच्या प्रकरणात समेट मान्य केला आणि दोन्ही पक्षांना पंचेचाळीस दिवस यमुना साफ करायला पाठवले. मग १९ मे २०२४ चे पुण्याचे कल्याणीनगर. दोन तरुण अभियंते मेले आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम अशा अटींवर जामीन मिळाला. महाराष्ट्र खवळला. २०२५ च्या जानेवारीत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाला मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाची अट म्हणून तीन महिने शनिवार-रविवार वरळी नाक्यावर फलक धरून उभे केले.

या प्रकरणांची सरमिसळ करू नये, अशी वाचकाला सुरुवातीलाच विनंती. बीएमडब्ल्यूची सेवा शिक्षा होती. ठाण्याचा झाडू आणि यमुनेचा गाळ ही गुन्हा रद्द होण्याची किंमत होती. पुण्याचा निबंध आणि वरळीचा फलक जामिनाच्या अटी होत्या, म्हणजे गुन्हा शाबीत होण्याआधीच्या. नवी संहिता यांपैकी फक्त पहिल्या प्रकाराला हात घालते, आणि बाकी दोन प्रकार न्यायाधीशाच्या मर्जीवर तसेच चालू आहेत. कल्याणीनगरच्या रागाचे एक कारण हेच होते. लोकांना वाटले निबंध ही शिक्षा. कायद्याने ती शिक्षा नव्हतीच. पण लोकांना तसे वाटले, याचा दोष लोकांवर ढकलता येत नाही.

आता या पुस्तकाच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो. तिला न शिवता या विषयावर लिहिता येते, आणि बरेच जण तसे लिहितातही.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना पुढे कोकणचे गांधी म्हटले गेले, यांनी तुरुंगातले भंगीकाम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते ब्राह्मण. तुरुंगाच्या नियमांनी ते काम विशिष्ट जातींच्या कैद्यांसाठी ठेवले होते, म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला. आप्पासाहेबांनी उपोषणाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या बाजूने येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्या डिसेंबरात उपवास आरंभला. सरकारला नमते घ्यावे लागले. म्हणजे ज्या देशात झाडू मागणाऱ्या कैद्याला जातीमुळे झाडू नाकारला गेला, त्याच देशात आता झाडू ही शिक्षा म्हणून दिली जाते. आणि नियम बदलायला किती वेळ लागला? ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. सामुदायिक सेवा अमलात आली त्यानंतर तीन महिन्यांनी. आप्पासाहेबांच्या मागणीपासून जवळपास ब्याण्णव वर्षांनी.

कोणी न्यायाधीश रस्ता झाडणे ही शिक्षा म्हणून सांगतो, तेव्हा तो गुन्हेगाराला काय सांगतो ते उघड आहे. पण तो त्याच रस्त्यावर रोज सकाळी झाडणाऱ्या बाईला काय सांगतो? तुझी नोकरी म्हणजे दुसऱ्याची सजा. ही बाई बहुधा वाल्मिकी वस्तीतली असते. महाराष्ट्रात ती मेहतर, रुखी किंवा दुसऱ्या एखाद्या दलित जातीची असते. गाडगेबाबांनी हाती घेतलेला खराटा आणि पारनेरला गल्ल्या झाडणाऱ्या सेनापती बापटांचा झाडू, हे दोन्ही आपल्याला आदराने आठवतात, कारण तो स्वेच्छेचा होता. नगरपालिकेची झाडूवाली मात्र आपल्या आदराच्या यादीत नसते. शिक्षा म्हणून झाडू देणारी व्यवस्था तिला त्या यादीत आणायला मदत करते की आणखी लांब ढकलते, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे. घटनेचे कलम २३ सार्वजनिक हितासाठी सक्तीची सेवा घ्यायला परवानगी देते, पण त्यात जातीवरून भेद नको असेही बजावते. तो भेद हुकूम देताना होत नाही; कामाच्या निवडीत आधीच भरलेला असतो.

दिल्लीत याला एक उत्तर डोळ्यांसमोर आहे. गुरुद्वारा बंगला साहिबमध्ये भांडी घासणारा, फरशी पुसणारा माणूस शिक्षा भोगतोय की सेवा करतोय, हे बाहेरून ओळखता येत नाही, कारण शेजारी तेच काम गाडीतून उतरलेले श्रीमंत लोकही करत असतात. २०२४ च्या डिसेंबरात शिखांच्या अकाल तख्ताने अकाली नेत्यांना तनखा, म्हणजे धार्मिक शिक्षा, सुनावली, तेव्हा सुखबीर बादल यांच्या गळ्यात पाटी होती, त्यामुळे तिथेही लाजेचा भाग होताच. तरीही काम स्वतः लाजिरवाणे नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत लोकांना गुरुद्वाऱ्यात सेवेला पाठवले आहे, त्यामागे हीच समज असावी. याउलट चित्रही दिल्लीनेच पाहिले: नवी दिल्लीतल्या मंदिर मार्गावरच्या वाल्मिकी वस्तीत २ ऑक्टोबर २०१४ ला पंतप्रधानांनी झाडू हाती घेतला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत काही पुढाऱ्यांनी स्वच्छ रस्त्यावर पाने पसरून पुन्हा झाडली. फोटोपुरता झाडू आणि तासांचा झाडू यातला फरक त्या वेळी सगळ्यांनी पाहिला.

तासांचा झाडू म्हणजे काय, ते लिहायला लेखकांनी पुस्तकात बरीच जागा घेतली आहे, आणि मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीत पिलखन आणि कडुनिंब पाने गाळतात तेव्हा एकदा झाडलेला पदपथ तासाभरात पुन्हा भरतो. खराटा जोरात ओढला की धूळ तोंडावर येते, हळू ओढला की ओली पाने चिकटून राहतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीतले सिगारेटचे थोटूक आणि गुटख्याच्या पुड्या कोणत्याच खराट्याला येत नाहीत; त्या वाकून बोटांनी उचलाव्या लागतात. गोळा केलेले ढलावात, म्हणजे दिल्लीच्या कचराघरात, नेऊन टाकायचे, आणि तिथे ओला-सुका वेगळा करणारा वेचक आधीच बसलेला. नवशिक्याला दोन तासांत तळहाताला फोड येतो. मुकादमाला त्याचा उपयोग शून्य. उलट त्याच्यावर लक्ष ठेवायला एक कामगार अडकतो. म्हणून जिथे जिथे सामुदायिक सेवा टिकली, तिथे तिच्यासाठी स्वतंत्र पर्यवेक्षक, वेगळी साधने आणि हजेरीची पद्धत होती. इंग्लंडमध्ये ते काम परिविक्षा खात्याने केले. आपल्याकडे परिविक्षा अधिकारी आहेत, पण मोजके, आणि त्यांच्या टेबलावर कामाचे ढीग. शेजारच्या हरियाणाने २०२५ मध्ये या कामासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे चांगले चिन्ह. सूचना निघाल्या म्हणजे माणसे नेमली गेली, असा अर्थ कुणी काढू नये.

आज हा विषय का महत्त्वाचा, याचे नेहमीचे उत्तर तुरुंगातली गर्दी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते. पण त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे ते. सामुदायिक सेवा फक्त दोषी ठरलेल्याला मिळते. तेव्हा तिने तुरुंग ओस पडतील अशी आशा धरणाऱ्यांनी आकडे पुन्हा वाचावेत. तिचे खरे महत्त्व वेगळे आहे. दारूड्या, पहिलटकर चोर, गैरहजर आरोपी, अशा लहान माणसांना पहिल्यांदा असा न्याय मिळू शकतो ज्यात त्यांचे घर आणि नोकरी वाचते. श्रीमंताला दंड परवडतो. तास कुणालाच फुकट नसतात. मात्र हे तेव्हाच खरे, जेव्हा तास मोजले जातात आणि पैसे देऊन ते विकत घेता येत नाहीत.

या पुस्तकाने कोणतीही बाजू अंतिम मानलेली नाही. काही लेखक शिक्षा म्हणून झाडूच्या ठामपणे विरुद्ध आहेत आणि वाचनालये, रुग्णालये, कार्यालयांतली कामे सुचवतात. काहींचे म्हणणे असे की झाडू टाळणे म्हणजे पुन्हा तेच काम खालचे ठरवणे. त्यापेक्षा दोषी माणसाने झाडूवालीच्या हाताखाली, तिला उस्ताद मानून तास भरावेत आणि तिच्या सहीने हजेरी लागावी. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण एक अट घालून: त्या पर्यवेक्षणाचा तिला वेगळा पगार मिळाला पाहिजे. ही अट पुस्तकातल्या एकाही मसुद्यात नाही. तसेच बायकांना, अपंगांना आणि दिवसपाळीच्या मजुराला ही सेवा कोणत्या वेळी, कोणत्या रूपात द्यायची, याबद्दल पुस्तकात फार थोडे आले आहे. ज्याची रोजी बुडते त्याचे चाळीस तास आणि पेन्शनरचे चाळीस तास सारखे नव्हेत. पुढच्या आवृत्तीत लेखकांनी हा भाग घ्यावा, आणि तो लिहिण्याआधी लक्ष्मीबाई नगरच्या मुकादमांना मसुदा वाचून दाखवावा.